अंगणातला झोका कुणाला द्यावा?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुले आता पंधरा आणि बारा वर्षांची झाली असून घरामागच्या मोकळ्या जागेतली खेळणी बऱ्याच काळापासून नुसती उभी आहेत. त्यांत दोन झोके आणि घसरगुंडी असलेला लोखंडी सांगाडा आहे, परिचितांकडून जुनीच घेतलेली चढण्या-उतरण्याची लाकडी चौकट आहे, प्लॅस्टिकचे छोटे घर आहे, ट्रॅम्पोलिन आहे आणि झाडाला टांगलेला एक टायरही आहे. लोखंडावर जागोजागी गंज दिसतो आणि प्लॅस्टिकच्या घराच्या पायरीला चीर गेली आहे. पतींचे म्हणणे असे, की सगळे फाटकाबाहेर ठेवून ‘हवे त्याने न्यावे’ अशी पाटी लावावी. दीर म्हणतात, रंगाचा एक हात मारून विकून टाका. पत्रलेखिकेला मात्र हे सामान एखाद्या बालवाडीला द्यावेसे वाटते, कारण भंगारात घालणे त्यांच्या जिवावर येते. त्या लिहितात, ‘ज्या मुलांकडे काहीच नाही, त्यांना थोडे गंजलेलेही चालेल. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल.’ विषय निघाला की धाकटी मुलगी हिरमुसते, त्यामुळे निर्णय वर्षभर लांबला आहे. काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली. घरातल्या तिघांची तीन मते असली, तरी तिघेही एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत आणि तो प्रश्न म्हणजे ‘हे सामान कुणाकडे जावे?’ हे सामान आज कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र तिघांपैकी कुणीही नीट तपासलेले दिसत नाही. गंज ‘जागोजागी दिसतो’ असे तुम्ही लिहिता. तो वरवरचा आहे की पाइप आतून पोखरला गेला आहे, हे कळल्याशिवाय दान, विक्री आणि भंगार यांपैकी कोणताही पर्याय योग्य किंवा अयोग्य ठरवता येणार नाही. म्हणून मी तुम्हांला आधी तपासणी करायला सांगेन आणि घेणाऱ्याचा शोध त्यानंतर.

त्याआधी तुमच्या एका वाक्याजवळ थोडे थांबावेसे वाटते. ज्यांच्याकडे काही नाही, त्यांना गंजलेलेही चालेल, हे तुम्ही चांगल्या मनाने लिहिले आहे, यात मला शंका नाही. पण झोक्याची कडी निसटली, तर खाली पडणारे मूल कोणत्या घरातले आहे यावर त्याच्या हाडाची मजबुती ठरत नाही. शिवाय ज्याला फुकट मिळते आहे, त्याला नाही म्हणणे जड जाते. बालवाडीच्या बाईंना तुमच्या सामानातली चीर दिसली, तरी त्या संकोचाने ते ठेवून घेतील आणि मग दुरुस्तीचा, देखभालीचा व शेवटी विल्हेवाटीचा भार त्यांच्या डोक्यावर येईल. यासाठी कसोटी एकच लावावी : आज तुमच्याच घरी चार वर्षांचे मूल असते, तर त्याला तुम्ही या झोक्यावर एकटे बसू दिले असते का? उत्तर देताना मन जराही अडखळले, तर ती वस्तू दुरुस्त तरी करावी लागेल, नाहीतर मोडीत काढावी लागेल.

दुसरे असे, की भंगार म्हणजे नासाडी हे समीकरण सरसकट खरे नाही. पोलाद वितळवून त्याचे पुन्हा पोलाद करता येते आणि तसे ते कितीही वेळा करता येते. तुमचा सांगाडा आणखी दहा वर्षे कुठेतरी धोकादायक अवस्थेत उभा राहण्यापेक्षा भट्टीत जाऊन त्याच्या सळया झाल्या, तर त्यात त्या लोखंडाचा अपमान नाही. प्लॅस्टिकची आणि लाकडाची गोष्ट इतकी सरळ नाही. त्याकडे पुढे येतो.

आता तपासणीविषयी. सुरुवात लोखंडी सांगाड्यापासून करा, कारण त्यातून दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही निघण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. वरचा लालसर गंज तारेच्या ब्रशने घासून निघाला आणि खाली घट्ट, गुळगुळीत धातू लागला, तर काळजीचे कारण नाही. खरा गंज बहुधा नजरेआड असतो. पाइप जमिनीत शिरतो त्या रेषेवर, जिथे माती ओली राहते आणि हवाही पोहोचते, तिथे धातू सर्वांत लवकर झिजतो. म्हणून चारही पायांजवळची माती वीतभर खोल उकरा आणि तो भाग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत शिरले किंवा पापुद्रे सुटले, तर तो पाय गेला असे समजा. वरच्या आडव्या नळीच्या टोकांची टोपणे निघालेली असतील, तर पावसाचे पाणी आत जाऊन नळी आतून गंजलेली असू शकते. हातोडीने हलके ठोकत गेल्यावर एकसारखा खणखणीत आवाज न येता मध्येच बद्द आवाज आला, तर तिथे धातू पातळ झाला असण्याची शक्यता धरा. पोकळ नळ्यांत गांधीलमाश्यांची पोळी असतात, त्यामुळे ठोकण्यापूर्वी टोकांशी हालचाल दिसते का, ते दुरून बघून घ्या.

झोका ज्या इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराच्या कड्यांना टांगलेला असतो, त्या कड्यांची तोंडे वापराने उघडत जातात. अमेरिकेतील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा आयोगाने घरगुती मैदानी खेळण्यांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे, तिच्या हिशेबाने कडीच्या तोंडाशी साधारण एक मिलिमीटरपेक्षा अधिक फट असेल, तर ती कडी उघडी मानावी. तीत कपडा अडकू शकतो आणि साखळी निसटूही शकते. साखळीचे दुवे एकमेकांवर घासून जिथे निम्मे झाले आहेत, तिथे ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे मोजमाप फटींचे आहे. शिडीच्या पायऱ्यांमधली, कठड्याच्या गजांमधली किंवा फळ्यांमधली जी फट सुमारे 9 सेंटीमीटरपेक्षा मोठी आणि 23 सेंटीमीटरपेक्षा लहान असते, ती सर्वांत घातक असते. तिच्यातून लहान मुलाचे धड पलीकडे जाते, डोके मात्र अडकते आणि मूल लोंबकळत राहते. जुन्या सांगाड्यांत अशा फटी पुष्कळदा आढळतात, कारण ते बनवताना हा विचार झालेलाच नसतो. असा दोष मुळातल्या रचनेतच असेल, तर कितीही रंग दिला आणि नवे बोल्ट बसवले, तरी ती वस्तू देण्यायोग्य होत नाही.

तुमच्या दिरांच्या सूचनेबद्दल मला स्पष्टच सांगायला हवे. विकण्यापूर्वी रंग देऊ नका. गंज घासून, धातू तपासून, मग गंजरोधक अस्तर आणि वर रंग देणे ही दुरुस्ती झाली; गंजावर रंगाचा हात फिरवणे ही लपवाछपवी झाली, आणि घेणारा पाहणी करताना जे पाहणार असतो, नेमके तेच तुम्ही झाकून टाकता. त्यात आणखी एक धोका आहे. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल तैलरंगांत शिशाची संयुगे असू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सुचवलेल्या नमुना कायद्यात रंगातील शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, एवढी ठेवली आहे. ही मर्यादा अनेक देशांत गेल्या काही वर्षांतच लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही. असा रंग कोरड्या सँडपेपरने घासला, तर शिसेयुक्त धूळ हवेत आणि मातीत जाते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला सर्वाधिक बाधते. म्हणून पोपडे सुटत असतील, तर ते पाण्याने ओले करून खरवडा, खाली जाड कापड अंथरा, तोंडावर चांगला मास्क बांधा आणि निघालेला चुरा पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्या. एवढा खटाटोप करण्याइतका सांगाडा चांगला नसेल, तर तो न खरवडता तसाच भंगारात देणे अधिक शहाणपणाचे.

समजा, सांगाडा तपासणीत उत्तीर्ण झाला. तरीही तो बालवाडीला देण्याबाबत मी तुम्हांला दोन पावले मागे घेईन. घरच्या अंगणासाठी बनवलेली खेळणी आणि सार्वजनिक मैदानासाठी बनवलेली खेळणी यांची मानके वेगवेगळी असतात. झोके, घसरगुंड्या यांसारख्या खेळण्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ 8124’ याच्या चौथ्या भागाच्या नावातच ती ‘कौटुंबिक घरगुती वापरासाठी’ असल्याचे म्हटले आहे, तर युरोपात सार्वजनिक मैदानांसाठी ‘ईएन 1176’ ही वेगळी मानकमालिका आहे. यामागचे कारण उघड आहे. तुमच्या झोक्यावर दिवसाकाठी दोन मुले खेळली असतील. बालवाडीत तोच झोका तीस-चाळीस मुलांच्या वाट्याला येईल आणि दोन वर्षांचा वापर दोन महिन्यांत होईल. तेव्हा संस्थेला द्यायचेच असेल, तर आधी विचारा आणि विचारताना ‘हे घरगुती वापराचे आहे, तुमच्या नियमांत बसते का?’ असे त्यांना सहज नाही म्हणता येईल अशा शब्दांत विचारा. माझ्या मते अंगण असलेले आणि घरात लहान मूल असलेले एखादे ओळखीचे कुटुंब हे या सांगाड्यासाठी बालवाडीपेक्षा योग्य घर आहे. बालवाडीला काही द्यायची इच्छा तीव्रच असेल, तर फावडी, बादल्या, चेंडू, न फुटलेले वाळूचे साचे द्या. त्यांचा तिथे उपयोग होतो आणि ते मोडले तरी कुणाला इजा होत नाही.

विकावे की फुकट द्यावे, या वादात मी फार पडणार नाही. घेणाऱ्याने चार पैसे मोजले की तो वस्तू नीट पारखून घेतो, हा विक्रीचा एक फायदा आहे. मात्र पैसे घ्या वा न घ्या, सांगण्याची जबाबदारी सारखीच राहते. वस्तू किती जुनी आहे, काय बदलले, कोणता भाग घट्ट बसत नाही, बनवणाऱ्याने किती वजनाची मर्यादा घातली होती, हे एका कागदावर लिहून द्या. खेळणे नाव असलेल्या कंपनीचे असेल, तर त्याचा नमुना क्रमांक शोधा आणि धोका आढळल्यामुळे ते बाजारातून परत मागवले गेले होते का, हे तपासा. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, 2012 मध्ये सुरू केलेल्या जागतिक पोर्टलवर अनेक देशांतील अशा परत मागवलेल्या वस्तू एकत्र शोधता येतात. परत मागवलेली वस्तू विकूही नये आणि दानही करू नये.

सांगाडा सोडवताना प्रत्येक सांध्याचा फोटो काढा, सोडवलेल्या नळ्यांवर चिकटपट्टी लावून क्रमांक घाला आणि नट-बोल्ट त्या-त्या सांध्याप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. हरवलेल्या बोल्टाच्या जागी तारेचा वेढा घालण्याचा मोह घेणाऱ्याला होतो आणि अपघाताची सुरुवात तिथूनच होते. बोल्ट गंजून बसले असतील, तर गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर थांबा. पान्यावर जोर करून बोल्टाची मुंडी गोल केली, तर तो सांधा कापण्यावाचून सुटणार नाही. घेणाऱ्याला एवढे आवर्जून सांगा, की झोक्याभोवती सर्व बाजूंनी सुमारे दोन मीटर मोकळी जागा हवी, झोक्याच्या पुढे-मागे त्याहूनही अधिक हवी, आणि खाली फरशी किंवा टणक जमीन नको. वाळू किंवा लाकडाचा भुसभुशीत थर हवा. पुष्कळ लोक सांगाडा नेतात आणि थेट सिमेंटच्या अंगणात मांडतात.

आता जे सामान तपासणीत नापास होईल, त्याबद्दल. इथे तुमच्या पतींची पाटीची कल्पना मला सर्वांत धोक्याची वाटते, जरी ती सर्वांत सोपी दिसत असली. फाटकाबाहेर ठेवलेला झोका नेणाऱ्याची वाट पाहत पडून राहतो तेव्हा तो जमिनीत रोवलेला नसतो, एखाद्या भिंतीला टेकवलेला असतो, आणि रस्त्याने जाणारी मुले त्यावर चढल्याशिवाय राहत नाहीत. टाकून दिलेल्या वस्तूकडे मूल टाकाऊ म्हणून पाहत नाही. जुन्या रेफ्रिजरेटरच्या बाबतीत हे फार कटू रीतीने शिकावे लागले. टाकून दिलेल्या रेफ्रिजरेटरमध्ये लपायला गेलेली मुले आत अडकून दगावू लागली, तेव्हा अमेरिकेला 1956 मध्ये खास कायदा करून दार आतून उघडता येण्याची सक्ती करावी लागली. जुने यंत्र टाकण्यापूर्वी त्याचे दार काढून टाकावे, हा सल्ला अजूनही दिला जातो. तोच विचार इथे लावा. जे वापरण्यायोग्य नाही, ते घराबाहेर पडण्यापूर्वीच वापरता येणार नाही असे करा. आसने साखळीपासून सोडवा, साखळ्या तोडा, घसरगुंडीची शिडी वेगळी करा, नळ्या सुट्या करा. भंगारवाल्याकडे गेलेला अखंड सांगाडा पुन्हा कुणीतरी विकत घेऊन उभा करतो. तुकडे केलेला सांगाडा सरळ वितळायला जातो.

नळ्या कापायच्या झाल्याच, तर गॅस कटर शक्यतो टाळा. मैदानी खेळण्यांच्या नळ्यांवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. तो तापला की जस्ताची वाफ निघते आणि ती श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. हॅकसॉने कापायला वेळ लागतो, पण अंगणात तेच बरे. भंगारात देण्यापूर्वी साखळ्यांवरचे प्लॅस्टिकचे आवरण आणि टोपणे काढून टाका. लोहचुंबक चिकटत नसलेले भाग, उदाहरणार्थ ॲल्युमिनियमच्या पायऱ्या, वेगळे ठेवा, कारण त्यांचा भाव निराळा असतो.

लाकडी चौकटीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण ती तुम्ही जुनीच घेतली होती आणि तिच्यावर कोणती प्रक्रिया झाली होती, हे तुम्हांला ठाऊक नाही. बाहेर राहणाऱ्या लाकडाला वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाने लाकडात भरण्याची पद्धत अनेक दशके जगभर रूढ होती. हे मिश्रण शोधून काढले ते सोन्ती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने, 1933 मध्ये, आणि लाकूड टिकवण्याच्या बाबतीत ते इतके गुणकारी ठरले, की त्याचा दुसरा पैलू लक्षात यायला बराच काळ गेला. मुलांचे हात लाकडावर घासतात आणि तेच हात तोंडात जातात, हे ध्यानात आल्यावर अमेरिकेत 2003 च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबवले. युरोपातही साधारण त्याच सुमारास निर्बंध आले. अशा लाकडाला नवेपणी हिरवट झाक असते, पण जुने झाल्यावर ते करड्या रंगाचे होते, म्हणजे रंगावरून निर्णय करता येत नाही. तुमची चौकट त्या काळातली असू शकते, असे धरूनच चाला. ती कुणाला देऊ नका. तिची लाकडे शेकोटीत, चुलीत किंवा बंबात अजिबात घालू नका, कारण जाळल्यावर आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते आणि ती राख झाडांना घातली, तर मातीतही जाते. भुसा करून खतात मिसळणेही नको. करवतीने कापावेच लागले, तर मोकळ्या हवेत, मास्क लावून, खाली ताडपत्री अंथरून कापा, भुसा गोळा करा आणि सगळे स्थानिक स्वच्छता विभागाला ‘रासायनिक प्रक्रिया केलेले लाकूड’ असे सांगून स्वाधीन करा. याउलट एखादे लाकूड साधेच आहे, अशी खात्री असेल आणि त्यात कीड किंवा वाळवी नसेल, तर त्याचे बाक, कपाटाच्या फळ्या, वाफ्यांच्या कडा असे पुष्कळ काही होऊ शकते.

प्लॅस्टिकच्या घराकडे वळू. अशी मोठी पोकळ खेळणी बहुधा पॉलिएथिलीनची असतात. तळाशी बाणांच्या त्रिकोणात 2 किंवा 4 हा आकडा दिसला, तर तो त्याच कुळातला पदार्थ समजावा. या त्रिकोणाविषयी मोठा गैरसमज आहे. 1988 मध्ये अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ही खूण आणली ती फक्त प्लॅस्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. त्या वस्तूचा पुनर्वापर होतोच, असे आश्वासन तीत नाही. प्रत्यक्षात मोठी खेळणी अनेक ठिकाणी नाकारली जातात, कारण ती आकाराने अवजड असतात, आत पत्रा, स्क्रू किंवा फोम दडलेला असतो आणि उन्हाने प्लॅस्टिक खराब झालेले असते. तेव्हा फोन करून आधी विचारा, मग स्क्रू, चाके, स्टिकर काढा, घर धुवा आणि सांगतील त्या मापाचे पत्रे कापून द्या. कापताना उडणारा कीस ताडपत्रीवर झेलून तोही त्यांनाच द्या, नाहीतर तो मातीत मिसळून जातो आणि पुन्हा कधीही वेचता येत नाही.

पायरीला गेलेली चीर मात्र मी तुमच्याइतकी किरकोळ मानणार नाही. प्लॅस्टिकमध्ये उन्हापासून बचाव करणारी द्रव्ये मिसळलेली असतात, पण ती हळूहळू संपतात आणि मग अतिनील किरणांनी पदार्थाच्या लांब साखळ्या तुटू लागतात. रंग फिका पडतो, हात फिरवला की खडूसारखी पूड येते आणि शेवटी चिरा पडतात. एका जागी चीर पडली म्हणजे उरलेले प्लॅस्टिकही त्याच वयाचे आणि त्याच उन्हातले आहे. गोंदाने किंवा उष्णता देऊन सांधलेली पायरी मोठ्या माणसाच्या हाताखाली टिकेल, पण उडी मारणाऱ्या मुलाखाली ती कधी मोडेल, याची हमी देता येत नाही. त्यामुळे हे घर खेळणे म्हणून पुढे देऊ नका. फुलझाडांसाठी कुंडी, हत्यारांसाठी खोपटे अशा कल्पना तुम्हांला पुष्कळ वाचायला मिळतील. तुम्हांला खरोखरच खोपटे हवे असेल, तरच त्या मार्गाने जा. नसता ती केवळ विल्हेवाट लांबणीवर टाकण्याची रीत होते, आणि तोवर प्लॅस्टिक आणखी ठिसूळ होते.

ट्रॅम्पोलिन ही एक वस्तू दिसत असली, तरी ती चार पदार्थांची मोट आहे : पोलादी कडे व स्प्रिंगा, पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची विणलेली चटई, पीव्हीसीचे आवरण घातलेली फोमची गादी आणि भोवतीची जाळी. स्प्रिंगा ताणलेल्या असतात, म्हणून ओळीने एका बाजूच्या न काढता समोरासमोरच्या जोडीने काढत जा, म्हणजे ताण एकीकडे गोळा होत नाही. हातात जाड मोजे घाला आणि आकड्याचे हत्यार वापरा. कडे आणि स्प्रिंगा भंगारात जातील. पीव्हीसीचे आवरण जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात, त्यामुळे ते कचरा व्यवस्थेकडेच जाऊ द्या. चांगले ट्रॅम्पोलिन दुसऱ्याला द्यावे का, याबाबत माझे मत नकाराकडे झुकते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 च्या आपल्या निवेदनात घरगुती ट्रॅम्पोलिनच्या वापरालाच विरोध केला आहे आणि सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, असे नोंदवले आहे. द्यायचेच ठरवले, तर जाळी आणि गादी शाबूत असतील तेव्हाच द्या आणि ‘एका वेळी एकच मूल’ हा नियम सांगितल्याशिवाय देऊ नका.

टायरचे काम थोडक्यात सांगतो. तो अंगणात नुसता सोडू नका. टायरच्या आतल्या खोबणीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात आणि अंडी तर कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नवे टायर विकणारे बहुतेक जण जुने घेतात, त्यांच्याकडे न्या. जाळणे सर्वस्वी वर्ज्य.

धाकट्या मुलीचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी एका वाक्यात उरकला आहे, पण वर्षभराच्या दिरंगाईचे कारण तेच आहे, असे मला वाटते. सामान कुणी वापरत नाही, असे तुम्ही म्हणता. हे मुलीलाही मान्य आहे का? बाराव्या वर्षी मुली झोक्यावर बसून वाचतात, मैत्रिणीशी बोलतात, आणि ते मोठ्यांच्या हिशेबात ‘खेळणे’ धरले जात नाही. तिला एकदा मोकळेपणाने विचारा. तिचे उत्तर ‘एक झोका राहू दे’ असे आले आणि सांगाडा मजबूत निघाला, तर वजनाची मर्यादा पाहून एक झोका राहू देण्यात गैर काहीच नाही. घसरगुंडी आणि दुसरा झोका तेवढा काढा. सांगाडा कच्चा निघाला, तर त्याचे कारण तिला प्रत्यक्ष दाखवा. स्क्रूड्रायव्हर तिच्याच हातात द्या. बारा वर्षांच्या मुलीला पोखरलेला पाइप दिसला, की समजूत घालण्याचे निम्मे काम होते. मात्र ती शाळेत गेली असताना सगळे हलवून टाकू नका, तो मार्ग सोपा वाटला तरी.

कामाचा क्रमही सांगतो. एका कोरड्या दिवशी फक्त तपासणी करा आणि प्रत्येक वस्तूवर खडूने ‘द्यायचे’, ‘दुरुस्त करायचे’, ‘मोडायचे’ असे लिहा. त्यानंतर घेणारे कुटुंब शोधा आणि भंगारवाला, प्लॅस्टिक घेणारा व स्वच्छता विभाग यांना विचारून ठेवा. सामान सुटे करायला त्यानंतरच हात घाला. आधीच सगळे सोडवून ठेवले, तर सुट्या नळ्यांचा आणि खिळ्यांचा ढीग महिनोन्‌महिने अंगणात पडून राहतो आणि उभ्या झोक्यापेक्षा तोच अधिक धोक्याचा ठरतो. सांगाड्याचे पाय काँक्रीटमध्ये रोवलेले असतील, तर जमिनीलगत कापून वर खुंट सोडू नका, कारण गवत वाढले की ते धारदार तोंड दिसत नाही. भोवती खणून काँक्रीटचा गोळाच बाहेर काढा. तो हलणारच नसेल, तर निदान वीतभर खोल खणून पाइप तिथे कापा, तोंड ठोकून बंद करा आणि खड्डा त्याच दिवशी मातीने दाबून भरा.